खळ्यावरचं लग्न

उंदीर एकच होता.

लग्नाच्या तुरडाळीचं पोतं पुढे ओढायला मंजुळा कोठीत वाकली, आणि पोत्यामागे भिंतीशी तो पडलेला दिसला. अंगावर जखम नाही, रक्ताचा थेंब नाही. मांजरीनं मारला म्हणावा, तर मांजर हाती आलेली शिकार अशी टाकून जात नाही. म्हातारपणानं मेला म्हणावा, तर तसा उंदीर अख्ख्या निंबखेडीत आजवर कोणी पाहिला नव्हता.

गाठीच्या तापाची मागची साथ आली तेव्हा मंजुळा या घरात नवी सून होती. आधी उंदीर मेले, मग माणसं. तेव्हापासून गावात मेलेला उंदीर दिसला की लोक त्याच्याकडे न पाहता आधी एकमेकांच्या तोंडाकडे पाहत.

तिनं थोरल्या जावेला हाक मारली. सोजराबाई पदराला हात पुसत आली, वाकली, आणि वाकलेलीच राहिली.

"कोनाले सांगतलं?"

"कोनालेच नाई. आत्ताच त दिसला."

"मंग दिसलाच नाई असं समज." सोजराबाईनं चुलीजवळचा चिमटा आणला, उंदीर उचलला, परसातल्या खड्ड्यात टाकला आणि वरून टोपलंभर राख लोटली. परत आल्यावर आवाज खाली आणून म्हणाली, "पोरीचं लगन तोंडावर आलं. एक सोयरीक मोडली ते तुले पुरलं नाई काय?"

पुरलं होतं. मंजुळेच्या लेकीची, कोकिळेची, ठरलेली सोयरीक चिखलीकरांनी ऐनवेळी मोडली होती आणि कारण सांगितलं नव्हतं. त्यामुळे गावानं आपापल्या सोयीची कारणं तयार केली, आणि मंजुळेनं ती सगळी नदीवर धुणं धुताना ऐकली. त्यानंतर लोणारच्या नारायणरावांनी आपल्या मुलासाठी आपणहून मागणी घातली, तेव्हा कुठे या घरातली माणसं पुन्हा मोठ्यानं बोलू लागली होती. मंजुळेनं हात धुतले, डाळीचं पोतं होतं तिथेच राहू दिलं आणि जावेचं ऐकायचं ठरवलं.

ते ठरवणं दुपार कलेपर्यंत टिकलं. मग मेहकरहून फकीर मोहम्मद आणि सरवरी आले. नवरा तट्टू धरून पुढे, बायको डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन मागे. या घरातल्या प्रत्येक बाईच्या हातात सरवरीनंच बांगड्या भरल्या होत्या. मंजुळा नवी नवरी होऊन आली तेव्हाचा हिरवा चुडाही तिचाच. फकीर मोहम्मद ओसरीवर सोजराबाईच्या नवऱ्याशी, भगवंतरावांशी, रामराम करून टेकला, आणि सरवरी नेहमीसारखी सरळ माजघराकडे निघाली. माजघराला लागूनच कोठी होती.

"सरवरी, तठीच थांब," मंजुळा उंबऱ्यातून म्हणाली.

"काऊन बाई? पाय धुवून येऊ काय?"

मंजुळेच्या मागे सोजराबाई उभी होती. तिनं मंजुळेचा पदर मागून ओढला. पण समोर उभी असलेली बाई इथून उठून दहा घरांत जाणार होती, दहा बायकांचे हात हातात धरणार होती, आणि मग आपल्या लेकरांत परतणार होती.

"आमच्या कोठीत उंदीर मेला. एकच मेला. काऊन मेला, ठाऊक नाई. तुह्यं तू ठरव माय, आत येतं का कसं."

ओसरीवरचं बोलणं थांबलं. सोजराबाईनं कपाळावर हात मारून घेतला.

सरवरीनं टोपली ओट्यावर ठेवली आणि हळूच शेजारी बसली. "खरं सांगू बाई? मेहकरचं तुमाले सांगू का नको, याचाच इचार करत मी आली. नदीकडच्या गल्लीत दोघं गेले. कोनी म्हनते गाठ होती, कोनी म्हनते साधा ताप. म्या काई डोळ्यानं नाई पाह्यलं. अल्ला जाने."

"टोचनीवाले येऊन गेले," फकीर मोहम्मद म्हणाला. "पन ते त दर साली येतात."

म्हणजे जे कळलं होतं त्यातून काहीच कळत नव्हतं. 

एवढ्यात कोकिळा बाहेर आली. तिनं आतून सगळं ऐकलं होतं. आईकडे पाहिलं, मोठ्या आईकडे पाहिलं. दोघींनीही नजर खाली केली. तेव्हा ती स्वतःच ओट्यावर, उघड्या उजेडात सरवरीसमोर बसली आणि दोन्ही हात पुढे केले.

"अठीच भर, सरवरीमावशी. उंदीर मेला, मी त नाई मेली."

सरवरी खळखळून हसली. बिस्मिल्ला म्हणून तिनं पोरीचा पंजा दाबायला सुरुवात केली, आणि हिरवी बांगडी एकेक करून वर चढू लागली.

मणियार जोडपं गेल्यावर ओसरीवर घर जमलं. भगवंतराव खांबाला टेकून बसले होते. ते या घरातले थोरले आणि निंबखेडीचे पाटीलही. धाकटा हिंमतराव, म्हणजे मंजुळेचा नवरा आणि नवरीचा बाप, पायरीवर. बायका दाराच्या आत. दोघा भावांची विधवा बहीण सत्यभामाबाई लग्नासाठी देऊळगावराजाहून आली होती, ती माहेरवाशीण म्हणून तेवढी ओसरीच्या कडेला बसली होती. मंजुळा भासऱ्यांसमोर, थोरल्या दिरासमोर, कधी बोलली नव्हती. काही सांगायचं असलं की ती जावेला सांगे, जाऊ नवऱ्याला.

"मागच्या साथीले सारं गाव रानात गेलं," भगवंतराव म्हणाले. "मी अठी एकटा राखन करत राह्यलो. मले काय झालं? काईच नाई. जेवलो, झोपलो, सकायी उठलो."

"तुले काई झालं नाई म्हनून कोनालेच होत नाई, असं असते काय दादा?"

"असं नसंल. पन मी पाटील हाव, हिंमता. माह्या घरानं बिऱ्हाड हलवलं का उद्या गाव हलते. मंग तहसिलीत कळवा लागते. ते येतीन, घरावरचे कवेलू उतरवतीन, लोकायचं सामान उन्हात फेकतीन. वऱ्हाड मध्यप्रांताले जोडल्यापासून नागपूरचे हुकूम येऊन राह्यले. उंदरं मेले त काय करा, सारं लिवलं हाय. एक उंदीर मेला त काय करा, हे कुठीच लिवलं नाई. अन् लोनारकर? त्याहिले समजलं त?"

लोणारचं नाव निघालं आणि हिंमतरावाचा चेहरा उतरला. मघापर्यंत तो रानात जायला निघालेला माणूस होता. आता तो नुसता नवरीचा बाप झाला. पायरीवरची माती बोटानं उकरत म्हणाला, "लगन जरा पुढं ढकलावं काय?"

"ढकललेलं लगन मंग ढकलतच राह्यते," सोजराबाई आतून म्हणाली. "मी सकायीच म्हनलं होतं, राख टाकली, गोष्ट मिटली."

सगळ्यांनी सत्यभामाबाईकडे पाहिलं. मागच्या साथीत तिचा नवरा गेला होता. ती निघा म्हणेल, आज, आत्ता निघा म्हणेल, असंच सगळ्यांना वाटलं.

"मी कुठीच जात नाई," ती म्हणाली. "आमी त गावात पयले निंगालो होतो. कोनाच्या घरी काई नव्हतं, तवाच निंगालो. लोक हासले आमाले. अन् झोपडीतच गेले ते. घरी असते त निदान आपल्या भिंतीले पाठ लावून गेले असते."

भगवंतरावांनी हलकेच मान हलवली, जणू निकाल लागला.

दाराआड मंजुळा मात्र आत कुठेतरी अडखळली. राहिला तो वाचला, निघाला तो गेला. दोन साक्षी झाल्या आणि दोन्ही राहा म्हणतात. पण मागच्या साथीत भगवंतराव एकटेच राहिले नव्हते. वेशीजवळच्या घरातली म्हातारी राहिली होती, सुताराच्या घरातले दोघे भाऊ राहिले होते. त्यांच्या घरांना पुढे कितीतरी दिवस कडी होती. राहून वाचलेला माणूस ओसरीवर बसून बोलत होता. राहून गेलेले काही बोलायला येणार नव्हते. आणि निघून परत आलेलं अर्धं गाव आपण वाचलो कशानं, हे कधीच विसरून गेलं होतं.

"बाई," ती जावेला म्हणाली, "त्याहिले म्हना..."

"काय म्हनते ते?" भगवंतरावांनी विचारलं.

सोजराबाई म्हणाली, "ते म्हनते..." आणि थांबली, कारण मंजुळेनं तिला अजून काही सांगितलंच नव्हतं. मंजुळेला एवढं सगळं दुसरीच्या तोंडानं सांगता येण्यासारखं वाटेना. तिनं पदर कपाळापर्यंत ओढला आणि उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"तो काऊन मेला ते आज आपल्याले समजत नाई," ती जमिनीकडे बघत म्हणाली. "उद्याई समजनार नाई. समजंल तवा ठरवाले काई उरलं नसंल. रानात गेलो अन् काईच नसलं, त लोक हासतीन. हासू द्या. अठी राह्यलो अन् काई असलं, त हासालेई कोनी नाई अन् रडालेई कोनी नाई. या दोन चुका हायेत. मले हासन्याची चूक परवडते."

धाकटी सून भासऱ्याशी बोलली होती. हिंमतराव पायरीवरून अर्धवट उठला, मग पुन्हा बसला. भगवंतराव खांबापासून सरळ झाले, पण रागावलेले दिसले नाहीत. तहसिलीतून आलेल्या माणसाकडे पाहावं तसं त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"अन् लगन?"

याचं उत्तर तिनं तयार ठेवलं नव्हतं. ते बोलता बोलताच सुचलं. "खळं सारवून पडलंच हाय. ज्वारी निंगाली, कडब्याच्या गंज्या उभ्या हायेत, झोपड्या होतीन. नवा गहू अजून घरात आला नाई, त्याले या कोठीचा उंदीर शिवला नाई. मांडव अंगनातच पाह्यजे, असं कुठी लिवलं हाय?"

मग ती नणंदेकडे वळली. "आक्का, तुमी निंगाल्या म्हनून ते गेले, असं नाई. अन् निंगाल्या म्हनून तुमचे दीर-जाऊ, लेकरं वाचले, असंई मी म्हनत नाई. मले ठाऊक नाई."

सत्यभामाबाईनं तिच्याकडे टक लावून पाहिलं. "इतके वर्स झाले," ती म्हणाली, "जो येते तो मले कारन सांगते. कोनी म्हनते नशीब, कोनी म्हनते देवाची मर्जी, कोनी म्हनते थंडीत काऊन नेलं त्याहिले. ठाऊक नाई म्हननारी तूच पयली." ती गुडघ्यावर हात टेकून उठली. "चाल बाप्पा. माह्यं गाठोडं त सोडलंच नाई अजून."

भगवंतराव एकटे पडले. पण त्यांना खरा धक्का बसला तो स्वतःच्या बायकोकडून. सोजराबाई पदर खोचून पुढे आली आणि म्हणाली, "रानात बुंदी कशी पाडू मी? भट्टी कुठी घालू?" ज्या बाईनं उंदीर राखेखाली दाबला होता, ती आता भट्टीची जागा विचारत होती, म्हणजे मनानं ती खळ्यावर पोचलीसुद्धा होती.

"बुंदी कायले? रोडगे घाला," हिंमतराव म्हणाला. "रानात रोडग्यावानी जेवन नाई."

"लग्नात रोडगे? लोनारकर काय म्हनतीन?"

आणि पुन्हा तेच नाव आलं. लोणारकरांना सांगायचं का?

"सांगू नका," सोजराबाई म्हणाली. "हौस म्हनून खळ्यावर लगन करून राह्यलो, म्हना. पाटलाची हौस."

"मले बी तसंच वाटते," हिंमतराव घाईनं म्हणाला. मघाशी बायकोच्या बाजूनं गेलेला माणूस आता भावजयीच्या बाजूला येऊन बसला.

मंजुळेच्या तोंडात होकार आला होता. मणियारणीला सांगणं सोपं होतं. लोणारला सांगणं म्हणजे पोरीची दुसरी सोयरीक आपल्या हातानं विस्तवावर ठेवणं. चिखलीकर कारण न सांगता फिरले होते. यांना तर आपणच कारण नेऊन द्यायचं. ठाऊक नाही म्हणणाऱ्या बाईला आता मात्र एवढंच ठाऊक होतं, की तिला सांगायचं नाही.

"सांगा." कोकिळा तिच्या मागे कधी येऊन उभी राहिली, कळलं नव्हतं. हातातल्या नव्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिनं त्या दुसऱ्या हातानं धरल्या होत्या. "तठी मले जनमभर राहा लागते, आई. पयल्याच दिवशीपासून उंदीर दाबून कशी राहू?"

"अन् मोडली त, पोरी?" भगवंतरावांनी विचारलं. त्यांचा आवाज बदलला होता. पोरीशी बोलताना तो नेहमीच बदले.

"मोडली त मोडली, मोठे बाबा. त्याहिलेई ठरवू द्या नं. आपन ठरवून राह्यलो, तसं."

भगवंतरावांनी डोक्याचं मुंडासं काढलं, झटकलं, पुन्हा बांधलं. घरातल्यांना ठाऊक होतं, की हे केलं म्हणजे ते उठले.

"हिंमता, बैलं जुंप. तू लोनारले निंग. अन् घरात धान्य जसं हाय तसं राहू द्या, एक दाना हलवायचा नाई."

त्या संध्याकाळी पारावर गाव जमवून भगवंतराव जे बोलले, ते निंबखेडीत पुढे बरेच दिवस नकला करून सांगितलं गेलं. ते म्हणाले, "माह्या कोठीत एक उंदीर मेला. काऊन मेला, मले ठाऊक नाई. मी खळ्यावर जाऊन राह्यलो. तहसिलीत हेच कळवलं. तुमचं तुमी पाहा." एवढंच. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पण हसणाऱ्यांतलेच काहीजण सकाळी गाड्यांत मडकी भरताना दिसले. जे राहिले त्यांना भगवंतराव एक शब्द बोलले नाहीत. मागच्या वेळी आपणही राहिलो होतो, हे ते विसरले नव्हते.

खळं पैनगंगेच्या वरच्या अंगाला होतं. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून, कपाशीच्या पऱ्हाट्यांचे कूड घालून झोपड्या झाल्या. विहिरीचं पाणी जवळ. हरभरा काढणीला आला होता. पहिल्याच दिवशी सत्यभामाबाईनं हुळा भाजला आणि सगळ्यांची तोंडं काळी झाली. सोजराबाईनं तीन चुलींची जागा बदलून शेवटी पहिलीच जागा बरी म्हटली. मंजुळा कामात होती, हसतही होती, पण तिचे कान लोणारच्या वाटेवर होते.

दुसऱ्या दिवशी छकडा दिसला. हिंमतराव हाकत होता आणि त्याच्या शेजारी पांढऱ्या मुंडाशात नारायणराव बसले होते. मंजुळेनं हातातलं काम खाली ठेवलं. मोडायचीच असती, तर निरोप आला असता. स्वतः कशाला आले असते? पण चिखलीकरही स्वतःच आले होते. जावयाचा बाप आला, यातूनही काही कळत नव्हतं. तिनं कोकिळेला कुडाच्या आत घेतलं आणि दोघी फटीतून पाहू लागल्या.

नारायणराव बाजेवर बसले. पाणी प्याले. पुन्हा मागितलं, पुन्हा प्याले. झोपड्या पाहिल्या, गंजी पाहिली, आभाळ पाहिलं. भगवंतराव समोर, हात गुडघ्यावर.

"पाटील," अखेर नारायणराव म्हणाले, "तुमच्या भावानं सारं सांगितलं."

"हाव. सांगाचंच होतं."

"किती उंदीर म्हनले?"

"एक."

नारायणरावांनी मुंडाशाखाली बोट घालून डोकं खाजवलं. "आमच्याकडं दोन निघाले," ते म्हणाले. "शिवरातीच्या अगोदर. कोठीतच. म्या परसात पुरले. घरात कोनाला बोललो नाही, मंडळीलाबी नाही. सांगावं तर तुमी सोयरीक मोडताल. न सांगावं तर दुसऱ्याची लेक त्याच घरात आनायची. जेवन गोड लागत नव्हतं बघा मला. हिंमतराव दारात आले अन् उंदीर म्हनले, तर मला वाटलं यांना आमचंच कळलं!"

मग भगवंतरावांच्या छातीतून एक आवाज निघाला. मंजुळेला आधी वाटलं त्यांना ठसका लागला. ते हसत होते. हिंमतराव हसला, नारायणराव स्वतःच हसू लागले, आणि कुडाच्या आत सोजराबाईनं पदराचा बोळा तोंडात कोंबला, कारण व्याह्यांनीही उंदीर तिच्यासारखाच गुपचूप दाबला होता.

"मंग आता कोनी कोनाले भ्यायचं?" भगवंतराव डोळे पुसत म्हणाले.

"कोनीच नाही. मी आजच जाऊन घर हलवतो. आमचा मळा हाय, तळ्याच्या अलीकडं. नवरी मळ्यावरच येईल. पन पाटील, एक सांगा. तुमी ठरवलं कसं? मी इतके दिवस ठरवू शकलो नाही."

भगवंतरावांनी कुडाकडे पाहिलं. "माह्या धाकट्या भावजयीनं ठरवलं," ते म्हणाले. "मी पाटील, म्या फक्त पारावर सांगतलं."

कोकिळेनं आईचा हात इतका घट्ट धरला, की नव्या बांगड्यांचे वण मंजुळेच्या मनगटावर उठले.

लग्न खळ्यावर झालं. आंब्याचे टहाळे आणि पळसाच्या फुलांच्या फांद्या बांधून मांडव केला. त्या लाल फुलांपुढे तोरण लावायची गरजच पडली नाही. मेहकरहून सरवरी आणि फकीर मोहम्मद आले, त्यांचंही बिऱ्हाड आता नदीपलीकडे होतं. नव्या गव्हाचे रोडगे गोवऱ्यांच्या आरात भाजले, वांग्याची भाजी, नव्या हरभऱ्याच्या डाळीचं वरण, वर तुपाची धार. लोणारच्या वऱ्हाडानं बुंदीची आठवणसुद्धा काढली नाही. पाठवणीच्या वेळी मंजुळा रडली, सोजराबाई तिच्याहून जास्त रडली. कोकिळा छकड्यात बसल्यावर भगवंतराव चालत वेशीच्या दगडापर्यंत गेले आणि परत येताना कोणाशी न बोलता विहिरीवर जाऊन तोंड धुऊन आले.

त्या उन्हाळ्यात काय होतं आणि काय नव्हतं, हे कधीच नीट कळलं नाही. मेहकरात आणखी काही माणसं गेली. लोणारात एक बाई गेली, तिला बाळंतपणाचा ताप होता म्हणतात. निंबखेडीत मागे राहिलेल्यांपैकी एकच, कोष्ट्याचा म्हातारा गेला. पण तो दिवाळीपासून खोकत होता. जे रानात गेले होते ते म्हणाले, पाहा, म्हातारा गेला. जे राहिले होते ते म्हणाले, पाहा, म्हाताऱ्याशिवाय कोणीच गेलं नाही. मंजुळेला नदीवर कोणी विचारलं, तर ती कपडा आपटत म्हणे, "मले काय ठाऊक बाप्पा," आणि हे म्हणताना तिला पूर्वीसारखं लाजल्यासारखं होत नसे.

लोणारहून कोकिळेचा निरोप आला. मळ्यावर सगळे खुशाल आहेत, सासूनं आंब्याच्या झाडाला झोका बांधून दिला आहे, आणि मामंजी रोज जेवताना दोनदा मागून घेतात.

गुढीपाडवा जवळ आला तेव्हा गावातली घरं सारवून, ऊन देऊन, धुरी घालून तयार झाली. परतायचा दिवस ठरला. हिंमतरावानं सकाळीच बैल जुंपले. सोजराबाईनं मडकी बांधली, भांडी पोत्यात भरली. चुली विझवल्या. सत्यभामाबाई मात्र कडब्याच्या सावलीत घोंगडीवर बसून होती. उठेना. ज्या झोपडीची तिला धास्ती होती, तिच्याच कुडाला पाठ लावून ती पाय पसरून बसली होती आणि नदीवरून येणारा वारा अंगावर घेत होती.

"आक्का, चाला," मंजुळा म्हणाली.

"चालतो नं. बसू दे जरासं."

हिंमतराव गाडीशी उभा राहिला. बैल शेपट्या हलवू लागले. सोजराबाईनं बांधलेल्या मडक्यांपैकी एक उगीच उघडलं, आत पाहिलं, पुन्हा बांधलं. कोणीच घाई करेना, आणि कोणीच कारणही सांगेना.

शेवटी सगळे भगवंतरावांकडे बघू लागले. ते खळ्याच्या मध्यावर, रिकाम्या मांडवाखाली कमरेवर हात ठेवून उभे होते. पळसाची फुलं वाळून काळपट झाली होती. त्यांनी एकदा गावाकडे पाहिलं, एकदा नदीकडे, आणि मग डोक्याचं मुंडासं काढून बाजेवर ठेवलं.

"हिंमता," ते म्हणाले, "सोड बे बैलं. दोन रोज राहू अजून. घर काई कुठी पळून नाई जाऊन राह्यलं."

सत्यभामाबाईनं डोळे मिटले. मंजुळा विझवलेल्या चुलीपाशी वाकली, राख बाजूला केली, आणि खाली अजून धग आहे का, ते पाहू लागली. धग होती. तिनं दोन काटक्या ठेवल्या आणि फुंकर घातली.